नाळे बा

व्हर्नियर हातात धरला की आकडेच हलायचे.
मी म्हणायचो, लेथ जुनं झालंय, बेअरिंग गेलंय.
उद्यमबागेत सगळ्यांना माहीत होतं
कुणाचं बेअरिंग गेलंय ते.

सकाळी पावशेर पोटात गेली
की हात थांबायचा. आकडा थांबायचा.
जॉब बरोबर उतरायचा.
हे कुणाला सांगणार?

निर्मळानं सगळं करून पाहिलं.
चहात घालायची पुडी आणली गोकाकच्या बाजूनं;
चार दिवस चहा कडू,
पाचव्या दिवशी मी चहा सोडला.
माळ घातली गळ्यात.
ती खुंटीला अडकवून मी जायचो,
आल्यावर परत घालायचो.
मेहुणा म्हणाला, पुण्याला मोठं सेंटर आहे.
खर्च ऐकून ती गप्प. मग म्हणाली,
"तिथं सुटंल, खरं, परत इथंच यायचं की."

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
सोडतो, खरं...
सोडतो, खरं...
चौदा वर्षं माझ्या तोंडात
एवढंच खरं होतं.

एका सोमवारी ती म्हणाली, "मी विचारून आलो."
(आमच्या बायका 'आले' म्हणत नाहीत.)
"सिव्हिलमध्ये खोली हाय एक. पैसे न्हाईत."
त्याच गेटासमोर मी रोज बस बदलत होतो.

फॉर्म कानडीत.
बोर्डांवरच्या अक्षरांसाठी मी एकदा
पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या.
मी उठलोच होतो.
दानम्मा सिस्टरनं पेन उघडलं,
स्वतःच लिहायला बसली.
"एष्टु वर्ष?"
चौदा म्हणायला जीभ वळेना.
हदिनाल्कु, म्हटलं.
परक्या शब्दात ते कसं
सहज बाहेर आलं.
तिनं मान वर केली नाही. लिहिलं.
मग मोडक्या मराठीत म्हणाली,
"घरी एकदम बंद करू नको.
जीव जातोय तसं. इथं झोप."

नऊ रात्री.
भिंतीवरनं मुंग्या, मुंग्यांच्या मागं आई.
सलाईनचा थेंब मोजत निर्मळा जागी.
मी तिला शिव्या दिल्या म्हणे. मला आठवत नाही.
तिला आठवतं.

आता गुरुवारी संध्याकाळी शहापुरातली शाळा,
दुसरीचा वर्ग.
बाकाखाली गुडघे मावत नाहीत.
एक विणकर, एक चोर्ल्याच्या घाटातला ड्रायव्हर,
एक निवृत्त मास्तर, जे बाकावर बसायलाच लाजतात.
ज्याला जी येते त्या भाषेत बोलायचं.
निम्मं कळत नाही.
कळतं.

लहानपणी आमच्या गल्लीत भूत यायचं म्हणे रात्री,
घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारायचं.
दार उघडलं की संपलं.
आईला सही येत नव्हती;
शेजारच्या बसूकडनं तिनं
दारावर खडूनं लिहून घेतलं : नाळे बा.
उद्या ये.
भूत वाचायचं, परत जायचं.
दुसऱ्या रात्री यायचं, परत तेच वाचायचं.
भुताला कानडी येत होतं,
आम्हाला नव्हतं.

पगाराच्या दिवशी बारच्या बाजूनं हाक येते,
अगदी माझ्याच आवाजात.
उद्या सोडतो, म्हणायचो मी तेव्हा.
आता तिलाच सांगतो, उद्या ये.
शब्द तोच. दाराची बाजू बदलली.

एकदा दार उघडलं गेलं. भाच्याच्या लग्नात.
दानम्मानं नवा फॉर्म काढला नाही,
जुन्यावरच खाली तारीख घातली
आणि म्हणाली, चहा घेतला का?

आज एकशे बारा दिवस.
माळ खुंटीलाच आहे, कुणी हलवली नाही.
हात सकाळी अजून हलतो.
आकडा वाचायला
जरा थांबावं लागतं.